आरसी ट्रकचं स्टीअरिंग मध्यावर परत येत नाही: ट्रिमला हात लावण्याआधी काय तपासायचं

रिमोटवर चालणारा (आरसी) ट्रक जोडून झाला, बॅटरी लावली, स्टीअरिंग डावीकडे फिरवून सोडलं आणि चाकं पूर्ण सरळ होण्याआधीच थांबली. मग रिमोटवरचं ट्रिम (मध्य किंचित सरकवणारं बटण) दोन टिचक्या उजवीकडे घेतलं, ट्रक सरळ झाला. पुढचं वळण उजवीकडचं घेतलं, तर आता तो उजवीकडे ओढतोय. पुन्हा ट्रिम. हा खेळ कितीही वेळ चालू शकतो, कारण दोष ट्रिममध्ये नाहीच. कुठेतरी एखादा सांधा घट्ट बसलाय आणि सर्व्होची (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरची) शेवटची दोन अंशांची ताकद तिथे खर्च होतेय.

खालची मापं १/१० आकाराच्या, पुढे स्वतंत्र सस्पेंशन असलेल्या ट्रकसाठी आहेत: मॉन्स्टर, स्टेडियम, शॉर्ट कोर्स. सलग ॲक्सलच्या क्रॉलरचं (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असलेल्या, खडकांवर चढणाऱ्या ट्रकचं) थोडं वेगळं असतं, ते पुढे आहे.

आधी लक्षण वाचा

ट्रक स्टँडवर ठेवा, चारही चाकं अधांतरी. मोटरच्या वायर काढून ठेवा. ट्रिम आणि सबट्रिम (रिमोटच्या सेटिंगमधली मध्याची बारीक जुळणी) दोन्ही शून्यावर आणा. स्टीअरिंग पूर्ण डावीकडे नेऊन सोडा, चाक कुठे थांबलं ते बघा. मग पूर्ण उजवीकडे नेऊन सोडा.

डावीकडून येताना चाक थोडं डावीकडेच राहतं आणि उजवीकडून येताना उजवीकडे, असं असेल तर घर्षण आहे. ट्रिमने हे कधीच जात नाही. दोन्हीकडून येऊन चाक एकाच जागी थांबतं, पण ती जागा सरळ नाही, तर सांधे चांगले आहेत. फक्त हॉर्नची (सर्व्होच्या शाफ्टवरच्या बाहूची) जागा किंवा रॉडची लांबी चुकलीय, दहा मिनिटांचं काम. सगळं नीट चालतं पण धडक बसली की मध्य सरकतो, तर सर्व्हो सेव्हर (धडकेत सर्व्होचे गिअर वाचवणारा सांधा), हॉर्नचा स्क्रू किंवा वाकलेला रॉड बघायचा. आणि स्टँडवर अगदी सरळ, जमिनीवर मात्र ओढतो, तर स्टीअरिंग सोडून द्या. दोष सस्पेंशनमध्ये किंवा चाकांना गती देणाऱ्या भागात आहे.

एक फसवं लक्षण राहिलं. सांधे झिजून ढिले झाले असतील तरीही चाक दर वेळी वेगळ्या जागी थांबतं. सर्व्हो चालू ठेवून चाक बोटांनी हलवा. काही न अडता २-३ मिमी इकडेतिकडे डुलत असेल तर ते घर्षण नाही, तो सांध्यातला खेळ, म्हणजे ढिलेपणा आहे. तिथे सांधे मोकळे करून उपयोग नाही, बदलावे लागतात.

साखळी एकेका कडीत तोडा

सर्व्हो आणि बेलक्रँक (सर्व्होची हालचाल दोन्ही चाकांकडे नेणारा फिरता तुकडा) यांना जोडणारा रॉड एका बाजूने काढा. आता नुसता सर्व्हो चालवा. हॉर्न दोन्हीकडून येऊन तंतोतंत त्याच जागी थांबला तर सर्व्हो निर्दोष आहे, आणि बहुतेक वेळा तो असतोच. नवा सर्व्हो घेण्याची घाई याच टप्प्यावर होते, म्हणून ही चाचणी चुकवू नका.

मग चाकं बोटाने डावीकडून उजवीकडे न्या. संपूर्ण प्रवासात सारखाच, लोण्यासारखा हलका स्पर्श हवा. कुठे जड, कुठे हलकं वाटलं तर एका बाजूचा टाय रॉड (बेलक्रँकपासून चाकाकडे जाणारा) स्टीअरिंग ब्लॉकपासून (चाक धरून वळणाऱ्या तुकड्यापासून) काढा. आता तो ब्लॉक एकटा हलतो. तो मोकळा असेल तर दुसऱ्या बाजूचा रॉडही काढा. दोन्ही ब्लॉक मोकळे, तर उरला फक्त बेलक्रँक आणि तुमच्या हातातले रॉड. पाच मिनिटांत दोष एका सांध्यापर्यंत येतो.

बॉल कप: पहिला संशयित

बॉल कप म्हणजे रॉडच्या टोकाची, गोल बॉलवर बसणारी प्लॅस्टिकची वाटी. नव्या किटमध्ये सर्वात जास्त वेळा अडतं ते इथे. रॉडची दोन्ही टोकं बॉलवर बसवलेली असताना रॉड चिमटीत धरून स्वतःभोवती फिरवून बघा. थोडासा, सहज फिरायला हवा. फिरत नसेल तर दोनपैकी एक कारण.

पहिलं, कप घट्ट आहे. कप बॉलवर बसवलेलाच ठेवून, सपाट जबड्याच्या पकडीने बाजूंनी हलकेच दाबा, मग ९० अंश फिरवून पुन्हा दाबा. मध्ये कापडाचा तुकडा ठेवा म्हणजे दात उमटणार नाहीत. दर दाबानंतर तपासा, कारण जास्त दाबलेला कप पुन्हा आवळता येत नाही. पॉलिश पेपर आत घालून घासू नका, बॉलच्या गोलाईचा आकार बिघडतो.

दुसरं, दोन टोकांचे कप एकमेकांशी तिरपे आहेत. एक सपाट उभा, दुसरा थोडा कलता, असं असेल तर वळणाच्या शेवटी कपाची कड बॉलच्या मानेवर टेकते आणि रॉड पिळला जातो. दोन्ही कप एकाच प्रतलात आणा. बऱ्याच कपांना दोन वेगळे चेहरे असतात. एका बाजूने बॉल सहज शिरतो, दुसरीकडून जोर लावावा लागतो. माहितीपत्रकातल्या चित्रात अक्षरं किंवा खूण कोणत्या बाजूला दाखवलीय ते बघूनच बसवा.

जिथे बॉल प्लॅस्टिकच्या टोकात बंदिस्त असतो आणि त्यातून स्क्रू आरपार जातो, तिथे बॉलला एका बाजूला कॉलर असते. ही कॉलर स्टीअरिंग ब्लॉकच्या बाजूला हवी. उलटी बसली की प्लॅस्टिक थेट ब्लॉकवर घासतं. बाहेरून सगळं व्यवस्थित दिसतं, म्हणून हा दोष दिवसेंदिवस सापडत नाही.

समायोज्य रॉडच्या एका टोकाला उजवे आटे असतात, दुसऱ्याला डावे. मधल्या षट्कोनाजवळ एका बाजूला बारीक खाच असते, ती आट्यांची बाजू ओळखण्यासाठी. गाडीतल्या सगळ्या रॉडच्या खाचा एकाच दिशेला ठेवा, म्हणजे पाना कोणत्या दिशेने फिरवला की रॉड लांबतो हे दर वेळी आठवावं लागत नाही. एम३ आट्यांचं अंतर ०.५ मिमी. दोन्ही टोकं मिळून एका पूर्ण फेऱ्यात लांबी १ मिमी बदलते. प्लॅस्टिकच्या टोकात रॉड पहिल्यांदा घालताना हळू घाला. भराभर फिरवला की प्लॅस्टिक तापून मऊ होतं आणि आटे मरतात. आट्यांना थोडं मेण लावलं तर काम हलकं होतं.

बेलक्रँक आणि सर्व्हो सेव्हर

बेलक्रँक दोन खांबांवर फिरतो आणि वरून एक पट्टी स्क्रूने बसते. चाचणी सोपी: वरचा स्क्रू पाव फेरा सैल करा. क्रँक एकदम मोकळा झाला तर पट्टी त्याला चेपत होती. पण स्क्रू सैल ठेवून निघू नका, तो दोन बॅटऱ्यांत गळून पडेल. खरं कारण असं, की आतलं बुश (ज्यावर क्रँक फिरतो ती नळी) क्रँकच्या उंचीपेक्षा किंचित लांब असायला हवं आणि ते नाही. आधी बुश पूर्ण तळापर्यंत बसलंय का ते बघा. बसलं असेल तर क्रँकच्या कडेला साच्याची रेघ उरलीय का ते पाहा, धारदार पात्याने ती खरवडा. तरीही अडत असेल तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर ठेवून क्रँकची सपाट बाजू गोल गोल घासा. वर-खाली सुमारे ०.१ मिमी खेळ आला की थांबा. बुशऐवजी बेअरिंग असतील तर हा त्रास फारसा उरत नाही.

डावा-उजवा क्रँक अदलाबदल होणं आणि त्यांना जोडणारी पट्टी उलटी बसणं, हेही नेहमीचं. पट्टी उलटी असेल तर एका बाजूला वळण कमी मिळतं.

सर्व्हो सेव्हर म्हणजे स्प्रिंगने दाबलेले दोन तुकडे, एकमेकांत खाचेत बसलेले. धडक बसली की ते घसरतात आणि गिअर वाचतात, मग स्प्रिंग त्यांना पुन्हा खाचेत आणते. त्या खाचेत धूळ गेली किंवा नट फार सैल असला की तुकडे पूर्ण परतत नाहीत. हाच तो धडकेनंतर सरकलेला मध्य. सर्व्हो चालू ठेवून एक चाक हाताने ढकला: साध्या दाबाला सेव्हर हलू नये, जोराच्या दाबाला हलायलाच हवा. नट पूर्ण आवळून टाकला तर सेव्हर उरतच नाही आणि पुढच्या धडकेत सर्व्होचे दात जातात.

या सांध्यांत तेल घालायचा मोह आवरा. तेलावर माती चिकटते आणि महिन्याभरात तेच घासायला लागतं. उघड्या सांध्यांना कोरडं ग्रॅफाइट चालतं, नाहीतर काहीच नको.

स्टीअरिंग ब्लॉक आणि सी-हब

ब्लॉक ज्या स्क्रूंवर वळतो ते साधे स्क्रू नसतात. त्यांच्या मानेचा काही भाग गुळगुळीत असतो आणि त्यावर ब्लॉक फिरतो. पिशवीतला त्याच लांबीचा साधा स्क्रू चुकून लागला तर तो हबला (ब्लॉक धरणाऱ्या सी आकाराच्या तुकड्याला) आवळून धरतो. योग्य स्क्रूही प्लॅस्टिकमध्ये गरजेपेक्षा जास्त पिळला तर तेच होतं. टेकेपर्यंत घ्या, मग एक अष्टमांश फेरा मागे.

सी-हब डावा-उजवा बदलला तर गंमत वेगळीच होते. हबमध्येच कॅस्टर कोन दिलेला असतो. वळणाच्या अक्षाचं वरचं टोक मागे झुकलेलं असायला हवं, म्हणजे धावताना चाकं आपोआप सरळ होऊ पाहतात. हब उलटसुलट लागले की अक्ष पुढे झुकतो. स्टँडवर सगळं ठीक, पण वेगात ट्रक भरकटतो. हबच्या आतल्या बाजूला एल किंवा आर अक्षर कोरलेलं असतं. तिरपी गोष्ट नजरेला फसवते, म्हणून अक्षर वाचून खात्री करा.

इथले बेअरिंग बहुधा ५×११×४ किंवा १०×१५×४ मिमीचे असतात. ते तिरके शिरले तर चाक जड फिरतं आणि ट्रक त्या बाजूला ओढतो. चाकाचा एम४ नट ७ मिमीच्या पान्याने घट्ट करा. नट आवळताच चाक अडत असेल तर नटाला दोष देऊ नका. बेअरिंग पूर्ण बसलेलं नाही किंवा १२ मिमी षट्कोनामागची पिन खाचेत नाही.

सर्व्होचा मध्य

हॉर्न सर्व्होवर बंद स्थितीत कधीच बसवू नका. हॉर्न काढा, रिमोट आणि रिसिव्हर चालू करा, ट्रिम शून्य. सर्व्होला आता १५०० मायक्रोसेकंदाचा मध्याचा इशारा मिळतोय. याच स्थितीत हॉर्न असा बसवा, की तो त्याला जोडलेल्या रॉडशी काटकोनात येईल. सर्व्होच्या डब्याशी काटकोन नव्हे, रॉडशी. काटकोन चुकला तर एका बाजूला वळण जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी मिळतं.

शाफ्टचे दात २५, २४ किंवा २३ असतात आणि हॉर्न त्याच दातांचा हवा. २३ चा २५ वर जोराने बसवला तर आतलं प्लॅस्टिक खरवडलं जातं आणि पहिल्याच धडकेत हॉर्न फिरतो. २५ दातांमध्ये एक दात म्हणजे १४.४ अंश, त्यामुळे हॉर्न नेमका काटकोनात येईलच असं नाही. इथे चार बाहूंचा प्लॅस्टिक हॉर्न उपयोगी पडतो. २५ ला ४ ने भागलं की ६ पूर्ण दात आणि पाव दात उरतो. म्हणजे पुढचा बाहू वापरला की कोन ३.६ अंशांनी सरकतो. चारही बाहू लावून बघा, सर्वात जवळचा ठेवा, बाकीचे कापा. २४ दातांवर ही युक्ती चालत नाही, कारण तिथे बाकी शून्य. उरलेला फरक सबट्रिमने काढा. सबट्रिमचं काम तेवढंच.

रॉड परत जोडल्यावर आधी टाय रॉड दोन्हीकडे सारख्या लांबीचे करा, कॅलिपरने. चाकं एकत्र एका बाजूला वळलेली दिसली तर मधल्या रॉडची लांबी बदला. फक्त एकच चाक वाकडं असेल तर त्याचा टाय रॉड. टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) शून्यापासून सुरू करा.

शेवटी दोन्ही टोकांची मर्यादा ठरवा. ब्लॉक हबवर टेकल्यानंतरही सर्व्हो ढकलत राहिला तर गुणगुणतो, तापतो आणि व्होल्टेज खाली खेचतो. आवाज बंद होईपर्यंत रिमोटमधली मर्यादा कमी करा. दोन्ही बाजूंना वेगवेगळी लागली तरी चालेल.

स्टँडवर सरळ, जमिनीवर वाकडा

शॉक (धक्के शोषणारे स्प्रिंगचे दांडे) काढा. आर्म (चाक चॅसिसला जोडणारा सस्पेंशनचा हात) आडवा उचलून सोडा. स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे, मध्ये कुठेही न थांबता. थांबत असेल तर हिंज पिन (आर्म जिच्यावर हलतो ती) काचेवर लोळवा. वाकलेली पिन लगेच डुलते. सरळ पिनही अडत असेल तर आर्मचं भोक ३ मिमी रीमरने हाताने साफ करा. ड्रिल मशीन लावू नका, भोक मोठं आणि लंबगोल होतं. पिन धरणाऱ्या पट्टीचे स्क्रूही बघा. एक पूर्ण आवळून मग दुसरा आवळला की पट्टी वाकते आणि दोन्ही आर्म अडतात. आळीपाळीने थोडे थोडे घ्या.

मग शॉक. ही जोडी सारखी नसणं हे ओढण्याचं सर्वात लपलेलं कारण आहे. शॉकच्या एका टोकाच्या भोकापासून (डोळ्यापासून) दुसऱ्या डोळ्यापर्यंतची लांबी दोन्हीकडे अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळवा. तेल एकाच बाटलीतलं हवं. तेलाच्या घट्टपणाचा वेट हा आकडा कंपनीगणिक बदलतो, सीएसटी हा आकडा जास्त भरवशाचा. भरताना पिस्टन खाली ठेवून तेल ओता, पिस्टन दोन-चार वेळा अगदी हळू वर-खाली करा आणि बुडबुडे वर यायला पाच-दहा मिनिटं द्या. घाई केली तर हवा आत राहते आणि दाबताना फसफस आवाज येतो. दोन्ही शॉक, स्प्रिंग न लावता, टोकाला टोक लावून एकमेकांवर दाबा. एक आधी दबला तर जोडी जुळलेली नाही.

शाफ्ट साध्या पकडीने धरून डोळा फिरवला की शाफ्टवर चरे पडतात, आणि तेच चरे ओ-रिंग कापतात. पंधरा दिवसांनी तेल गळलं की त्याचं मूळ इथे असतं. रबराचा तुकडा गुंडाळूनच धरा.

स्प्रिंगचा दाब ठरवणारी रिंग डोळ्याच्या अंदाजाने ठेवू नका. रिंग ते टोपी हे अंतर मोजा, डावं-उजवं सारखं. नंतर ट्रक सपाट काचेवर ठेवून पुढचं टोक अगदी मध्यातून स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने उचला. दोन्ही चाकं एकाच क्षणी सुटायला हवीत. एक आधी सुटलं आणि शॉक जुळलेले असतील, तर चॅसिस पिळलेली आहे: वरच्या पट्टीचे स्क्रू सैल करा, ट्रक काचेवर दाबून धरा, पुन्हा आवळा.

उसळीवर भरकटत असेल तर सर्व्हो चालू ठेवून पुढचा भाग हाताने दाबा आणि चाकं वरून बघा. दाबताना चाकं स्वतःहून आत किंवा बाहेर वळली, तर टाय रॉड वरच्या कॅम्बर रॉडशी (चाकाचा उभा कल ठरवणाऱ्या) समांतर नाही. बॉलखाली १ मिमी वॉशर घालून किंवा काढून पुन्हा बघा. फक्त थ्रॉटलवर ओढतो आणि सोडल्यावर सरळ जातो, तर मागे पाहा: दोन टायरांचा व्यास, एखादं जड बेअरिंग, मागच्या दोन चाकांचा असमान टो.

सलग ॲक्सलच्या ट्रकमध्ये सर्व्हो चॅसिसवर असेल तर पॅनहार्ड बार (ॲक्सल बाजूला सरकू न देणारा दांडा) आणि स्टीअरिंगचा रॉड एकमेकांना समांतर आणि जवळपास सारख्या लांबीचे हवेत. नसतील तर सस्पेंशन दबताच चाकं आपोआप वळतात, आणि ते कोणत्याही ट्रिमने थांबत नाही. सर्व्हो ॲक्सलवरच असेल तर हा प्रश्न येत नाही.

दुरुस्त केलं, तरी परत आलं

धातूत बसणारा स्क्रू हादऱ्याने सुटतो. त्याला मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक एक थेंब. प्लॅस्टिकमध्ये बसणाऱ्या स्क्रूला कधीच नाही, काही प्लॅस्टिक त्याने तडकतात. प्लॅस्टिकमधला स्क्रू पुन्हा बसवताना आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात टक्कन पडल्याचं जाणवलं की मग आवळा. नाहीतर दर वेळी नवे आटे कापले जातात आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी स्क्रू धरतच नाही.

हत्यारही कारण असतं. एम३ चा गोल किंवा सपाट डोक्याचा स्क्रू २ मिमी ॲलन कीचा, उंच डोक्याचा २.५ मिमीचा, बिनडोक्याचा १.५ मिमीचा. इंची ५/६४ ची की २ मिमीच्या भोकात बसते, पण ती १.९८ मिमीची असते आणि घट्ट स्क्रूची कड तीच गोल करते. जपानी किटमधले अधिक-खुणेचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. साधा फिलिप्स त्यात वर चढतो, डोकं खराब होतं, आणि मग तो स्क्रू अर्धवट आवळलेलाच राहतो.

नवे बॉल कप पहिल्या दोन-तीन बॅटऱ्यांत थोडे सैलावतात. तेवढं चालवून झाल्यावर टो आणि मध्य पुन्हा मोजा, त्याआधी केलेली बारीक जुळणी टिकत नाही.